भट्टीची आच आणि विजेची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विजेच्या दरवाढीविरुद्ध मोर्चा काढणे कार्यकर्त्यांना नवे नाही. परंतु वीज ज्या यंत्रातून येते त्या यंत्राची किंमत कशाने ठरते, आणि ती उतरवण्याचे काम कोण, कोठे, कोणाच्या पैशाने करीत आहे, याची चर्चा आपल्या वर्तुळात क्वचितच होते. ती तज्ज्ञांवर सोपवली जाते. तज्ज्ञांचे काम तज्ज्ञांनीच करावे हे खरे. तथापि ज्याला यंत्र कळत नाही त्याला विकणाऱ्याने सांगितलेली किंमत मुकाट्याने मान्य करावी लागते, हेही तितकेच खरे आहे. या दृष्टीने घन ऑक्साइड इंधन-घट या साधनाची हकीकत अभ्यासण्यासारखी आहे. या साधनाचा मुख्य अडसर एका शब्दात सांगता येतो: तापमान. ते चालवायला भट्टीची आच लागते, आणि आच जितकी चढी तितकी किंमत चढी. ही आच उतरवण्याचा उद्योग जगातील प्रयोगशाळांत गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे आणि आता तो कारखान्यांच्या दारात येऊन पोचला आहे. आच उतरली की यंत्र स्वस्त होण्याची वाट मोकळी होते. पण स्वस्त झालेले यंत्र कोणाच्या अंगणात उभे राहील, हा निराळा प्रश्न आहे. या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो.

जाळल्याविना वीज

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरवतात आणि चक्राने जनित्र. या तीन पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर काही ना काही सांडते. जुन्या संचांत तर कोळशातील उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत उतरतो. उरलेला धुराड्यातून हवेत आणि थंड करण्याच्या पाण्यातून नदीत जातो. इंधन-घटात या मधल्या पायऱ्याच नाहीत. इंधन आणि प्राणवायू यांना एकमेकांस थेट भेटू न देता, मधल्या थराच्या दोन बाजूंना ठेवायचे; रासायनिक क्रिया घडून येण्यासाठी विद्युत्कणांना बाहेरच्या तारेतूनच फेरी मारावी लागेल अशी व्यवस्था करायची; आणि त्या फेरीतून दिवे लावायचे, मोटारी फिरवायच्या, एवढेच त्याचे तत्त्व. वेल्समध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यायाधीश झालेल्या विल्यम ग्रोव्ह यांनी हे तत्त्व १८३९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले होते. म्हणजे विजेच्या दिव्याचा प्रसार होण्याच्याही कितीतरी आधी इंधन-घट माहीत झालेला होता.

या घटांच्या अनेक जाती आहेत. मधला थर कशाचा, यावरून त्यांना नावे पडली आहेत. कोठे तो आम्लाचा असतो, कोठे प्लॅस्टिकसारख्या पातळ पापुद्र्याचा. घन ऑक्साइड घटात हा थर भाजलेल्या सिरॅमिकचा, म्हणजे कपबशीच्या जातकुळीतल्या पदार्थाचा असतो. कपबशीतून वीज वाहत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मग हा थर चालतो कसा? याचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधले. झिर्कोनियमच्या ऑक्साइडात यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून केलेली कांडी थंड असताना विजेला दाद देत नाही, पण चांगली तापवली की तिच्यातून वीज वाहू लागते आणि ती लखलखीत प्रकाश देते, असे त्यांना आढळले. १८९७ च्या सुमारास यातून नेर्न्स्ट यांचा दिवा निघाला. हा दिवा लावण्यापूर्वी त्याची कांडी ज्योतीने तापवून घ्यावी लागे. पुढे तारेचे दिवे आले आणि हा दिवा मागे पडला, पण त्याच जातीची कांडी आजच्या इंधन-घटात मधला थर होऊन बसली आहे. स्वित्झर्लंडमध्ये एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी १९३७ मध्ये अशा सिरॅमिकचा पहिला इंधन-घट चालवून दाखवला. त्याचे तापमान होते सुमारे १,००० अंश सेल्सियस.

आच का लागते?

झिर्कोनियमच्या जागी काही ठिकाणी यिट्रियम बसवले की त्या स्फटिकात प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात. गच्च भरलेल्या एस.टी.त एक आसन रिकामे झाले की शेजारचा तिकडे सरकतो, त्याच्या जागी त्याचा शेजारी सरकतो आणि रिकामी जागा मागे मागे जात राहते. नेमके त्याच रीतीने प्राणवायूचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत उडी मारीत हवेच्या बाजूकडून इंधनाच्या बाजूकडे जातात. तेथे हायड्रोजनशी किंवा कार्बन मोनॉक्साइडशी त्यांची गाठ पडते, पाणी व कर्बवायू तयार होतो आणि सुटे झालेले विद्युत्कण बाहेरच्या तारेतून निघतात. ही उडी मारायला ऊर्जा लागते आणि ती उष्णतेतून मिळते. तापमान उतरवले की उड्या मंदावतात आणि वीज अडखळते.

या आचेत एक मोठा गुणही आहे. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याच्या घटाला प्लॅटिनमसारखा मौल्यवान धातू आणि अतिशुद्ध हायड्रोजन लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अल्पसा अंशही त्याला विषासमान. घन ऑक्साइड घटाचे काम निकेलवर भागते आणि कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे इंधनच आहे. नैसर्गिक वायू, गोबरगॅस, सांडपाण्याचा वायू यांवर तो चालू शकतो. इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा तो विजेत उतरवू शकतो आणि उरलेली उष्णता पाणी तापवायला किंवा कारखान्याच्या वाफेला कामी येते.

पण या गुणाची किंमत तीन बिलांत मोजावी लागते.

पहिले बिल सामग्रीचे. एका घटाचा दाब एक व्होल्टच्या आसपास, आणि काम घेताना त्याहूनही कमी. म्हणून अनेक घट एकावर एक रचून त्यांची चळत करावी लागते. दोन घटांमध्ये वीज नेणारी पण वायूला अडवणारी पट्टी हवी. हजार अंशांवर, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला इंधन अशा स्थितीत, साधे पोलाद टिकत नाही. तेथे लँथेनम क्रोमाइटसारखे घडवायला अवघड व महागडे सिरॅमिक वापरावे लागे.

दुसरे बिल सांध्यांचे. तापल्यावर प्रत्येक पदार्थ फुगतो, पण सारखा फुगत नाही. शेजारी शेजारी चिकटवलेले तीन-चार पदार्थ वेगवेगळ्या मापाने फुगले की सिरॅमिकला तडा जातो. एका तड्यातून वायू मिसळला की तो घट गेला.

तिसरे बिल काळाचे. हजार अंशांवर निकेलचे कण एकमेकांत मिसळून जाड होतात, शेजारच्या थरांतील मूलद्रव्ये एकमेकांत झिरपतात आणि घट म्हातारा होतो. केंद्रात बसवलेला संच चाळीस हजार तास, म्हणजे अखंड साडेचार वर्षांहून अधिक, टिकावा अशी अपेक्षा असते. शिवाय एवढी आच चढवायला आणि उतरवायला कित्येक तास लागतात. मध्येच इंधन तुटले तर निकेलचे पुन्हा ऑक्साइड होते, ते फुगते आणि शेजारच्या थराला फोडते. जेथे पुरवठा नेहमी खंडित होतो तेथे असे यंत्र कसे जगणार?

उताराच्या तीन पायऱ्या

आच उतरवण्याचा पहिला उपाय साधा होता. मधला थर जितका पातळ तितका त्याचा अडथळा कमी. पूर्वी हा थर स्वतःच घटाचा भार पेलत असे, म्हणून तो जाड ठेवावा लागे. पुढे भार इंधनाकडील निकेलयुक्त थरावर टाकण्यात आला आणि झिर्कोनियाचा थर दहा-एक मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्याही काही अंशाइतका, पातळ करण्यात आला. पदार्थ तोच राहिला, तापमान मात्र सातशे-आठशे अंशांवर आले. या एका बदलाने महागड्या सिरॅमिकच्या पट्टीची जागा क्रोमियमयुक्त स्टेनलेस स्टीलला घेता आली. या पोलादातून क्रोमियमची वाफ निघून हवेकडील थर खराब करते, म्हणून त्यावर लेप द्यावा लागतो. तरीही किमतीच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते.

दुसऱ्या पायरीवर पदार्थच बदलला. झिर्कोनियाऐवजी सीरियमच्या ऑक्साइडात गॅडोलिनियम मिसळले तर पाचशे-सहाशे अंशांवरही आयन पुरेसे धावतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्टील यांनी या पदार्थांवर दीर्घकाळ काम केले आणि त्यातून २००१ मध्ये सेरेस ही कंपनी निघाली. तिच्या घटात भार पेलण्याचे काम बारीक छिद्रे पाडलेला पोलादी पत्राच करतो आणि सिरॅमिकचे थर त्यावर छापल्यासारखे चढवले जातात. येथे अडचण अशी की सीरियमचे ऑक्साइड घट्ट भाजायला एरवी चौदाशे अंशांची भट्टी लागते आणि तेवढ्या आचेत खालचा पोलादी पत्रा निकामी होतो. हे भाजणे हजार अंशांच्या आत आणणे ही त्या कामातील खरी किमया. दुसरी अडचण पदार्थाच्या स्वभावातच आहे. आच सहाशेच्या फार वर गेली की इंधनाच्या बाजूला सीरियमचे रूप बदलते, आतल्या आतच थोडी वीज गळू लागते आणि बाहेर कमी मिळते. म्हणजे हा घट कमी आचेवर चालू शकतो एवढेच नव्हे, तर त्याला कमी आचेवरच चालवावे लागते. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातील एरिक वॉक्समन यांनी याला दुहेरी थराचा तोडगा काढला. बिस्मथचे ऑक्साइड आयन फार वेगाने नेते, पण इंधनाच्या सान्निध्यात विघटित होते. त्याला सीरियमच्या थराआड ठेवले की सीरियम बिस्मथचे रक्षण करते आणि बिस्मथ सीरियमची गळती थोपवते.

तिसरी पायरी प्राणवायूला सोडून हायड्रोजनच्या केंद्रकाला, म्हणजे प्रोटॉनला, वाहते करण्याची. प्रोटॉन हलका, त्याला उडीसाठी कमी आच पुरते. जपानमध्ये इवाहारा यांनी १९८१ मध्ये असे प्रोटॉनवाहक सिरॅमिक दाखवून दिले. २०१५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स येथे रायन ओहेर यांच्या गटाने पाचशे अंशांच्या आसपास चांगले काम देणारे प्रोटॉनवाहक घट सोप्या रीतीने घडवता येतात, हे प्रसिद्ध केले. २०२५ मध्ये क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी बेरियम व कथील, तसेच बेरियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांत भरपूर स्कँडियम मिसळून तीनशे अंशांवरच पुरेसे प्रोटॉनवहन मिळवले. तीनशे अंश म्हणजे भट्टी नव्हे. तेथे साधे पोलाद आणि साधे सांधे चालू शकतील. ही बातमी मोठी आहे. परंतु अद्याप ती एका पदार्थाची बातमी आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या संचाची नव्हे. शिवाय ज्या स्कँडियमवर ती उभी आहे, ते जगभरात वर्षाकाठी काही दशक टनांच्या घरातच निघते. आच स्वस्त झाली आणि मसाला महाग झाला, तर गृहिणीच्या हिशेबात स्वयंपाक स्वस्त झाला असे होत नाही.

आच कमी तेवढे बरे, असाही सरसकट नियम नाही. तापमान उतरले की हवेकडील बाजूला प्राणवायू फोडण्याची क्रिया मंदावते आणि तिला चेतवण्यासाठी नवे उत्प्रेरक लागतात. मिथेन वायूचे हायड्रोजनमध्ये रूपांतर सातशे अंशांवर घटाच्या आतच सहज होते. खालच्या तापमानाला त्याची वेगळी तजवीज करावी लागते, नाहीतर निकेलवर काजळी धरते. उरणारी उष्णताही कमी प्रतीची होते. म्हणून आज तरी पाचशे ते साडेसहाशे अंशांचा पट्टा हा व्यवहाराचा पट्टा दिसतो. पोलाद चालेल इतका तो थंड आहे आणि गोबरगॅस पचेल इतका गरम.

किंमत कोणी उतरवली, लाभ कोणाला झाला?

येथपर्यंत पदार्थांची कथा झाली. आता पैशांची.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने शतकाच्या वळणावर या घटांसाठी सरकार, उद्योग आणि प्रयोगशाळा यांची एक आघाडी उभारली आणि २०१० पर्यंत दर किलोवॅटला ४०० डॉलर ही किंमत गाठण्याचे लक्ष्य ठेवले. ते २०१० साल उजाडले तेव्हा कॅलिफोर्नियातील ब्लूम एनर्जी या कंपनीने आपला संच मोठ्या गाजावाजाने जगापुढे आणला. तिचे संस्थापक के. आर. श्रीधर हे तिरुचिरापल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. मंगळावर प्राणवायू तयार करण्याच्या प्रकल्पावर त्यांनी नासासाठी काम केले होते. शंभर किलोवॅटच्या त्या संचाची किंमत सात ते आठ लाख डॉलर सांगितली गेली. म्हणजे दर किलोवॅटला सात-आठ हजार. लक्ष्याच्या सतरा ते वीस पट. विकत घेणारे होते गूगल, ईबे, वॉलमार्ट.

ही दरी कोणी भरून काढली? डेलावेअर राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०११ मध्ये कायदा करून असे ठरले की नैसर्गिक वायूवर चालणारे हे घटही अक्षय ऊर्जेच्या खात्यात धरावेत आणि त्यांचा वाढीव खर्च तेथील वीज कंपनीच्या ग्राहकांच्या मासिक बिलातून वसूल व्हावा. बदल्यात बंद पडलेल्या मोटार कारखान्याच्या जागेवर नवा कारखाना आणि नऊशे नोकऱ्या, असे आश्वासन होते. कारखाना आला, नऊशेचा आकडा ठरल्या मुदतीत गाठला गेला नाही आणि कंपनीला राज्याला काही रक्कम परत करावी लागली. सामान्य ग्राहक मात्र आपल्या बिलातून भर घालीतच राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या वीज कंपनीने ब्लूमशी एक हजार मेगावॅटपर्यंतच्या घटांचा करार केला. हेतू होता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांना वीज पुरवणे. ज्या यंत्राच्या बालपणाचा खर्च किराणा दुकानदाराने आणि निवृत्त कामगाराने उचलला, त्याच्या तारुण्याची कमाई कोणाच्या खात्यात जाते, हे यावरून ध्यानात यावे.

जपानने निराळी वाट धरली. तेथे २००९ पासून घरगुती इंधन-घट विक्रीस आले. घन ऑक्साइड जातीचा, सुमारे सातशे वॅटचा संच २०११ मध्ये त्यांत सामील झाला. तो घरच्या वायूच्या नळीवर चालतो, वीज देतो आणि आंघोळीचे पाणी तापवतो. प्रारंभी सरकारने एका संचामागे चौदा लाख येनपर्यंत अनुदान दिले आणि किंमत उतरेल तसे ते पायरीपायरीने कमी करत नेले. किंमत उतरली. २०२३ मध्ये सर्व जातींचे मिळून पाच लाख संच घरोघर बसले. तथापि २०२० पर्यंत चौदा लाखांचे जे लक्ष्य ठरवले होते त्यापासून हा आकडा दूरच राहिला. सार्वजनिक पैसा शिस्तीने वापरला तर महाग यंत्र मध्यमवर्गीय घरापर्यंत आणता येते, हे जपानने दाखवले. त्याच्या पलीकडे जाण्यासाठी खुद्द यंत्राचीच किंमत मुळातून उतरली पाहिजे, हेही त्याच अनुभवाने दाखवले.

कमी तापमानाच्या घटांचे कारखानदारीतील अनुभवही संमिश्र आहेत. जर्मनीच्या बॉश कंपनीने सेरेसच्या तंत्रावर काही वर्षे काम करून फेब्रुवारी २०२५ मध्ये अंग काढून घेतले. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या दूसान कंपनीने त्याच तंत्रावर, सुमारे ६२० अंशांवर चालणाऱ्या घटांचे उत्पादन वर्षाला पन्नास मेगावॅट क्षमतेच्या कारखान्यात सुरू केले. तंत्र तेच, पण एकाने सोडले आणि दुसऱ्याने धरले. भांडवलाचा हिशेब नजीकच्या नफ्याचा असतो. ऊर्जेचा हिशेब पिढ्यांचा असतो. म्हणून अशा कामात सातत्य राखण्याची जबाबदारी केवळ कंपन्यांवर टाकून चालत नाही.

भारताचा हिशेब

भारतात या विषयावर काम झालेच नाही असे नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने झिर्कोनियाचे सपाट घट आणि त्यांच्या चळती स्वतः घडवल्या आहेत. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओरिसा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत झिरकॉन आहे आणि मोनाझाइट आहे. १९५० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स ही आज केंद्र सरकारची कंपनी आहे आणि ती ही वाळू वेचते. भारतीय मोनाझाइटमध्ये सीरियम विपुल आहे. म्हणजे मधल्या थराचा मुख्य घटक घरचाच आहे.

अडते ते चिमूटभर मिसळाव्या लागणाऱ्या मसाल्यावर. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्या सातांत यिट्रियम आहे, गॅडोलिनियम आहे, समेरियम आहे आणि स्कँडियमही आहे. या घटांच्या जवळजवळ प्रत्येक जातीला यांपैकी एक ना एक लागतेच. भारतीय वाळूत ही द्रव्ये अल्प प्रमाणात असली तरी ती वेगळी काढून, शुद्ध करून, भुकटीच्या रूपात कारखान्याला देण्याचे कसब हाच खरा प्रश्न आहे. खनिज बाहेर पाठवून त्याच खनिजाची भुकटी दहापट दराने परत आणायची, ही रीत कापसाच्या काळापासून या देशाला परिचित आहे.

दुसरी बाब परवान्याची. हाच घट उलटा चालवला, म्हणजे वाफ आणि वीज आत दिली, की हायड्रोजन बाहेर येतो. पुण्याच्या थर्मॅक्स कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा उलट्या घटांवर आधारित संचांसाठी सेरेसशी परवाना-करार केला. शेलच्या बंगळूरच्या केंद्रात सेरेसच्या तंत्राची मेगावॅट मापाची चाचणी मांडण्यात आली. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे. परदेशी परवाना घेणे हे पाप नव्हे. जपाननेही एके काळी परवाने घेऊनच सुरुवात केली होती. परंतु परवान्याबरोबर घट भाजण्याची, थर चढवण्याची विद्या या देशातील कामगारांच्या हातात आणि संशोधकांच्या वहीत उतरते आहे, की येथे केवळ बाहेरून आलेल्या चळतींना नळ्या जोडल्या जात आहेत, हे तपासले गेले पाहिजे. ज्या प्रकल्पाला सार्वजनिक पैसा मिळतो त्याला हा प्रश्न विचारण्याचा जनतेला अधिकार आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब इंधनाची. आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर हे घट चालवले तर काजळी आणि धूर टळेल, पण कर्बवायू निघतच राहील आणि परकीय चलनही जात राहील. केवळ घट आहे म्हणून वीज हरित होत नाही. दिवसाच्या विजेला सौर पट्ट्या आज स्वस्त आहेत. त्यांच्याशी या घटाने स्पर्धा करावी असेही नाही. त्याची खरी जागा आहे ती रात्री, पावसाळ्यात, आणि जेथे आज डिझेलचे जनित्र धडधडते तेथे: ग्रामीण रुग्णालयात, शीतगृहात, पाणीपुरवठ्याच्या पंपावर.

महाराष्ट्रात अशा ठिकाणांच्या जवळच इंधन वाया जात असते. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतील मळीयुक्त सांडपाण्यापासून वायू काढण्याची रीत येथे रुळलेली आहे. प्रेसमड आहे, शेण आहे, शहरांचे मैलापाणी आहे. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये सुमारे सहा युनिट ऊर्जा असते. लहान इंजिनातून तिची दीड-पावणेदोन युनिट वीज होते. निम्मी कार्यक्षमता असलेल्या घटातून तीन युनिट. तेवढ्याच शेणातून जवळजवळ दुप्पट वीज, हा फरक खेड्याच्या दृष्टीने लहान नाही. अडचण आहे ती त्या वायूतील गंधकाची. हायड्रोजन सल्फाइडचे दशलक्षात काही भागसुद्धा निकेलला बाधतात, म्हणून वायू धुऊन घ्यावा लागतो आणि त्या गाळणीवर सतत लक्ष ठेवावे लागते.

हे केवळ कागदावरचे नाही. इटलीत तुरिनजवळ कोलेन्यो येथे, तेथील नगरपालिकांच्या मालकीच्या पाणीपुरवठा कंपनीने मैलापाण्याच्या वायूवर चालणारे घन ऑक्साइड घट २०१७ पासून चालवून पाहिले. तुरिनचे तांत्रिक विद्यापीठ सोबत होते आणि युरोपीय संघाचा पैसा होता. निम्म्याहून अधिक कार्यक्षमतेने वीज मिळाली आणि उरलेल्या उष्णतेने मैल्याच्या टाक्या ऊबदार ठेवल्या. वायूची शुद्धी हाच तेथेही कसोटीचा भाग ठरला. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की हा प्रयोग पालिकांच्या कंपनीने, आपल्याच घाणीवर, आपल्याच गरजेसाठी केला आणि त्यातील अनुभव प्रसिद्ध केला.

साथींनो, यंत्राची पूजा करण्याचे कारण नाही आणि यंत्राचा धसका घेण्याचेही कारण नाही. हजार अंशांवरून सहाशेवर आलेली आच ही अनेक देशांतील विद्यापीठांच्या, आणि बव्हंशी सार्वजनिक पैशाच्या, प्रदीर्घ परिश्रमाचे फळ आहे. तिच्यामुळे महागड्या सिरॅमिकची जागा पोलादाने घेतली. पोलाद ठोकणारे, पत्रा कापणारे, भट्टी सांभाळणारे हात या राज्यात सर्वत्र आहेत. म्हणून यापुढे कोणी या नव्या विजेची जाहिरात घेऊन आला, कोणी तिच्यासाठी अनुदान मागितले, तर कार्यकर्त्यांनी काही साधे प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. हा घट किती अंशांवर चालतो आणि किती तास टिकल्याचा पुरावा आहे? त्यातील दुर्मिळ द्रव्य कोणते आणि ते कोठून येते? तो कोणत्या इंधनावर चालणार? अनुदान कोणाच्या बिलातून जाणार आणि वीज कोणाच्या दिव्यात? आणि तो बिघडला तर तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळेल काय?

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी कोलकात्याच्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांना वर्षा-दोन वर्षांच्या तुकड्यांत नव्हे, तर सलग पाठबळ मिळाले पाहिजे. विरल मृत्तिका शुद्ध करण्याचे काम सार्वजनिक क्षेत्रात नेटाने पुढे गेले पाहिजे. आणि एखाद्या सहकारी कारखान्यावर, एखाद्या नगरपालिकेच्या मैलापाणी केंद्रावर असा एक लहान संच बसवून त्याचा खर्च, त्याचे बिघाड, त्याची वीज यांचा हिशेब उघड्या वहीत लिहिला गेला पाहिजे. तो हिशेब लोकांसमोर आला म्हणजे या यंत्राचे भवितव्य विक्रेत्याच्या जाहिरातीवरून ठरवण्याची वेळ येणार नाही.